नाव कोणाच्या खात्यावर?

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. बरीच शोधाशोध झाल्यावर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ९ डिसेंबर १९१३ रोजी, गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी नटाच्या घरी कन्या जन्मली. तिचे नाव होमाई. पुढे १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि त्यात तीच तारामतीची भूमिका एका सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील सुनेने केली. त्या दुर्गा खोटे.

दुर्गाबाई पन्नासहून अधिक वर्षे रंगभूमीवर व पडद्यावर वावरल्या. होमाई व्यारावाला यांनी सुमारे तीन दशके हातात कॅमेरा धरून देशाच्या स्वातंत्र्याचा आणि त्यानंतरच्या कालखंडाचा चित्ररूप इतिहास नोंदवला. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. एकीचे काम स्वतः प्रकाशात उभे राहण्याचे, तर दुसरीचे काम स्वतः अंधारात राहून इतरांवर प्रकाश टाकण्याचे. तरीही दोघींच्या आयुष्याचा हिशेब मांडू लागले की एक समान प्रश्न समोर येतो. माणसाने केलेल्या कामाचे नाव अखेर कोणाच्या खात्यावर जमा होते: घराण्याच्या, पतीच्या, की ते काम करणाऱ्याच्या स्वतःच्या?

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. पेढीवर भांडवलाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, मोल नावाला असते. ते नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या सचोटीने मिळवलेले असते. म्हणूनच घरातील मुलीने वा मुलाने रूढ वाट सोडून वेगळे काही करण्याची इच्छा बोलून दाखवली की पहिली चिंता उत्पन्नाची नसते, ती नावाची असते. या दोन स्त्रियांच्या जीवनकथा त्या चिंतेला पोकळ ठरवत नाहीत. मात्र तिला योग्य जागी नेऊन ठेवतात.

दोन घराण्यांचे नाव पणाला

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेर लाडांचे, मूळचे गोव्याकडील. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर होते. कॅथीड्रल शाळा आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. महाविद्यालयात असतानाच विवाह होऊन त्या खोटे यांच्या श्रीमंत घरात आल्या. पती विश्वनाथ खोटे हे अभियंता होते. सर्व काही अनुकूल असताना खोटे कुटुंबावर मोठे आर्थिक संकट कोसळले. ज्या घरात नोकरचाकरांची कमतरता नव्हती, त्या घरातील सुनेला मिळकतीसाठी शिकवण्या करण्याची वेळ आली. पदरी दोन लहान मुले होती.

या ओढाताणीच्या काळात, १९३१ साली, ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका स्वीकारली. पैशाची निकड होती. संपूर्ण चित्रपट कसा आहे याची पुरेशी चौकशी झाली नव्हती. चित्रपट प्रदर्शित झाला तो हलक्या दर्जाचा. त्यातच जाहिरात करणाऱ्यांनी अमुक सॉलिसिटरांची कन्या आणि अमुक घराण्याची सून पडद्यावर येत आहे, असा गाजावाजा केला. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर पत दोन घराण्यांची वापरली गेली आणि माल मात्र निकृष्ट निघाला. बोल लागला तो जाहिरात करणाऱ्यांना नव्हे, तर त्या तरुण स्त्रीला आणि तिच्या माहेर-सासरला. दुर्गाबाईंनी पुन्हा या व्यवसायाकडे न फिरकण्याचे मनाशी ठरवले होते.

परंतु त्या लहान भूमिकेतील अभिनय एका जाणत्या माणसाने पाहिला होता. प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाची तयारी करीत होते. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी दुर्गाबाईंना बोलावले. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार व्हायचा होता. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करायचा. पार्श्वगायनाची सोय त्या वेळी आलेली नव्हती. नटनटींना चित्रीकरणाच्या वेळीच, ध्वनिग्राहकासमोर, स्वतःच्या गळ्याने गावे लागे. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दिग्दर्शन या दोन्ही जबाबदाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्याकडे होत्या. अशा कसलेल्या मंडळींच्या सहवासात दुर्गाबाईंची तारामती उभी राहिली आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली.

एका वर्षाच्या आत तेच नाव, तेच घराणे, तोच व्यवसाय. परंतु लोकांची नजर पार बदलली. यातून निघणारा बोध साधा आहे. चित्रपटात काम केले म्हणून नाव गेले नव्हते. कोणाबरोबर आणि कोणत्या दर्जाचे काम करतो याची पारख न केल्यामुळे ते गेले होते. पारख नीट झाली, तेव्हा त्याच कामाने नाव परत मिळवून दिले. कोणताही जाणता व्यापारी नव्या बाजारपेठेत उतरताना हीच काळजी घेतो. बाजारपेठ बदनाम आहे एवढ्यावरून तो निर्णय घेत नाही. आपला भागीदार कोण आणि माल कसा, हे आधी पाहतो.

त्या काळी बहुतेक कलावंत एकेका चित्रसंस्थेत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी ती सुरक्षितता नाकारली. वेगवेगळ्या संस्थांशी स्वतंत्र करार करून काम करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. प्रभातमधून त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ हे चित्रपट केले. १९३६ साली प्रभातच्या ‘अमरज्योती’त अन्यायाविरुद्ध उभी राहणारी सागरी चाच्यांची राणी सौदामिनी त्यांनी साकारली. १९३७ साली ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीची आणि दिग्दर्शनाची धुरा त्यांनी स्वतः वाहिली. ज्या काळात स्त्रीने पडद्यावर दिसणे हेच धाडस मानले जाई, त्या काळात त्या पडद्यामागचे निर्णयही घेऊ लागल्या होत्या.

नाटकाच्या क्षेत्रातही त्यांचे कार्य तितकेच भरीव आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी अनेक भूमिका केल्या. वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे ‘राजमुकुट’ हे मराठी रूपांतर केले. १९५४ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे ही जोडी होती. ‘भाऊबंदकी’तील त्यांची आनंदीबाईही गाजली. चित्रपटातील मोठे नाव झाल्यावर नाटकाच्या तालमीला नियमित जाणे, सहकलावंतांबरोबर जमिनीवर बसून संहिता वाचणे, हे प्रत्येकाला साधत नाही. रंगभूमीवर चुकले तर दृश्य पुन्हा घेता येत नाही. प्रेक्षक समोरच बसलेला असतो. दुर्गाबाईंनी या परीक्षेला आपणहून सामोरे जाणे कधी सोडले नाही.

एक रुपया आणि पतीचे नाव

होमाईंची परिस्थिती नेमकी उलटी होती. दुर्गाबाई सुखवस्तू घरातून रंगमंचाकडे आल्या; होमाईंचा जन्मच नाटकमंडळीशी जोडलेल्या घरात झाला. त्यांचे वडील उर्दू-पारशी रंगभूमीवरील नट. नाटक कंपनी गावोगाव फिरणारी आणि मिळकत बेताची. कुटुंब पुढे मुंबईत स्थिरावले. मुलीने शिकावे हा आईचा आग्रह होता. होमाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि सर ज. जी. कलाशाळेतही शिक्षण पूर्ण केले. चित्राची चौकट कशी बांधावी, उजेड-सावलीचा तोल कसा साधावा, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

कॅमेऱ्याची विद्या मात्र त्यांनी घेतली ती माणेकशा व्यारावाला यांच्याकडून. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीस होते आणि छायाचित्रकारही. पुढे ते होमाईंचे पती झाले. होमाईंची आरंभीची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली, तेव्हा प्रत्येक छायाचित्रामागे एक रुपया मोबदला मिळाला. परंतु छायाचित्राखाली नाव होते माणेकशांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘इलस्ट्रेटेड वीकली’तही त्यांची चित्रे प्रसिद्ध होऊ लागली, त्यांपैकी बरीचशी पतीच्याच नावाने. स्त्री छायाचित्रकार ही कल्पनाच संपादकांच्या आणि वाचकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

येथे घाईने निवाडा करणे योग्य होणार नाही. माणेकशांनी पत्नीचे श्रेय हिरावून घेतले, असे चित्र उभे करणे अन्यायाचे ठरेल. विद्या त्यांनीच दिली, अंधाऱ्या खोलीतील कामात ते साथीला राहिले, चित्रे योग्य ठिकाणी पोहोचवण्याची खटपटही केली. ती खरोखरीची भागीदारी होती. तरीही भागीदारीच्या वहीत एका भागीदाराचे नावच लिहिलेले नसेल, तर हिशेब अपुरा राहतो, मग मने कितीही जुळलेली असोत. अनेक व्यापारी घरांत आजही हे चित्र दिसते. दुकानाची खरेदी सून पाहते, उधारी-वसुलीच्या नोंदी पत्नी ठेवते, गिऱ्हाईकांची नाती आई जपते. फलकावर आणि कागदपत्रांवर मात्र त्यांच्यापैकी कोणीच नसते. कोणी हेतुपुरस्सर वगळलेले नसते, पण नोंद करायची राहून गेलेली असते.

१९४२ साली व्यारावाला दांपत्य दिल्लीस गेले. तेथे ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी मिळाली. शिवाय बाहेरची कामे करण्याची मोकळीक होती. दिल्लीत होमाईंनी स्वतःचे नाव कमावले. साडी नेसलेली, खांद्याला जड सामान अडकवलेली, सायकलवरून फिरणारी ही स्त्री राजधानीच्या ओळखीची झाली. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनावही रूढ झाले. त्यामागचा हिशेब गमतीचा आहे: जन्म १९१३चा, पतीची पहिली भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक ‘डीएलडी १३’.

काम अत्यंत कष्टाचे होते. त्या वापरीत असलेला स्पीड ग्राफिक कॅमेरा वजनदार असे. त्याच्या एका चौकटीत फिल्मचे दोनच पत्रे बसत. प्रत्येक चित्रासाठी झगमगाटाचा नवा दिवा लावावा लागे. नंतर वापरलेल्या रोलायफ्लेक्समध्ये एका गुंडाळीवर बारा चित्रे निघत. आज हातातील फोनवर क्षणात शंभर चित्रे काढणाऱ्या पिढीला त्या काटकसरीची कल्पना येणे कठीण आहे. हाती दोनच संधी असताना नेमका क्षण ओळखायचा, त्यासाठी योग्य जागी आधी जाऊन उभे राहायचे आणि संयमाने वाट पाहायची, ही शिस्त अंगी बाणवावी लागे. स्त्री म्हणून पुष्कळांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. त्या दुर्लक्षाचाही त्यांनी उपयोग करून घेतला. कोणाच्या नजरेत न भरता त्या प्रसंगाच्या अगदी जवळ जाऊ शकत.

जून १९४७ मध्ये फाळणीची योजना मान्य करण्यासाठी झालेल्या काँग्रेसच्या बैठकीत वर झालेले हात त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर प्रथमच तिरंगा फडकला, तेव्हा त्या तेथे होत्या. लॉर्ड माउंटबॅटन यांचे प्रस्थान, महात्मा गांधींची अंत्ययात्रा, पुढे पंडित नेहरू आणि लालबहादुर शास्त्री यांचे अंत्यसंस्कार, हे सारे त्यांनी नोंदवले. १९५६ साली दलाई लामा नथू ला खिंडीतून सिक्कीममध्ये उतरले, तेव्हाही त्या हजर होत्या. राणी एलिझाबेथ, हो चि मिन्ह, जॅकलिन केनेडी असे परदेशी पाहुणे त्यांच्या चित्रांत दिसतात. पंडितजींची कितीतरी मोकळी, घरगुती रूपे आज लोकांच्या स्मरणात आहेत. त्यांतील अनेक होमाईंच्या कॅमेऱ्याची देणगी आहे.

चुकते करावे लागलेले मोल

यशाच्या कथा सांगताना त्यामागील खर्चाची बाजू लपवून ठेवणे हा हिशेबातील दोषच आहे. दुर्गाबाईंना तरुण वयात वैधव्य आले. मुलांचे संगोपन आणि चित्रीकरणासाठी मुंबई, कोल्हापूर, कलकत्ता असा प्रवास यांची सांगड त्यांना घालावी लागली. पुढे धाकटा मुलगा हरिन याचा ऐन उमेदीत मृत्यू झाला. त्यांची सून म्हणजे विख्यात नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता. त्या घरात रंगभूमीचा वारसा सुनेकडून अधिक समृद्ध झाला, ही त्या दुःखाच्या छायेतील एक उजळ गोष्ट.

होमाईंच्या आयुष्यात ३० जानेवारी १९४८ या दिवसाची सल कायम राहिली. बिर्ला भवनातील गांधीजींच्या प्रार्थनासभेकडे त्या निघाल्या होत्या. पतीने त्यांना परत बोलावले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे असा विचार ठरला. तो दुसरा दिवस आलाच नाही. त्याच सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. ज्या छायाचित्रकाराने एका युगाचे इतके प्रसंग टिपले, त्यांच्या हातून सर्वांत मोठा प्रसंग अवघ्या काही पावलांनी निसटला. पुढे आयुष्यभर त्या ही खंत बोलून दाखवीत. मात्र तेवढ्यावरून त्यांनी पतीशी वैर धरले नाही, की काम सोडले नाही. दुसऱ्याच दिवशी, नेमके काय टिपायचे राहून गेले आहे हे मनात असतानाही, त्या अंत्यसंस्काराचे चित्रण करीत होत्या.

दुकान कधी आवरावे?

दोघींच्या जीवनात एक फरक फार उद्बोधक आहे. बदलत्या काळाला दुर्गाबाईंनी एका प्रकारे उत्तर दिले आणि होमाईंनी दुसऱ्या.

नायिकेचे वय सरले तेव्हा दुर्गाबाईंनी आपला माल बदलला. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त त्या सासू झाल्या, १९४२ साली ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी झाल्या. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’मध्ये पती आणि पुत्र यांच्यात ओढली जाणारी जोधाबाई त्यांनी उभी केली. १९७३चा ‘बॉबी’ आणि १९७४चा ‘बिदाई’ हे तर त्यांच्या सत्तरीच्या उंबरठ्यावरचे चित्रपट; ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याबरोबरच त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था उभारून लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट तयार केले. १९८८ साली दूरदर्शनवर घरोघर पाहिली गेलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत सुरू झालेले काम दूरचित्रवाणीच्या काळापर्यंत अखंड चालले. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान एका तारामतीच्या हाती आला. ‘मी दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपल्या आयुष्याचा जमाखर्च स्वतःच्या शब्दांत मांडून ठेवला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

होमाईंनी दुसरा मार्ग घेतला. माणेकशांच्या निधनानंतर, १९७० साली, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. कारण केवळ वैयक्तिक दुःखाचे नव्हते. त्यांच्या पिढीतील छायाचित्रकार पोशाखाचे, वागणुकीचे, अंतराचे काही नियम पाळीत. पाहुणा जेवत असताना वा अवघडलेल्या अवस्थेत असताना चित्र घ्यायचे नाही, धक्काबुक्की करायची नाही, अशी रीत होती. ती रीत मोडत चाललेली त्यांना पाहवेना. ज्या बाजारात आपल्या मापाने तोलता येत नाही, त्या बाजारात बसायचे नाही, असा तो निर्णय होता. वय पन्नाशी ओलांडलेले, हात कसलेले, नाव झालेले; तरी त्यांनी पेढी बंद केली आणि पुढील चार दशके व्यवसाय म्हणून कॅमेऱ्याला स्पर्श केला नाही. काही वर्षे त्या राजस्थानातील पिलानी येथे, तेथील तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन करणाऱ्या मुलाजवळ राहिल्या. १९८२ साली बडोद्यास आल्या. १९८९ साली तो एकुलता मुलगा कर्करोगाने गेला. त्यानंतर त्या एकट्या राहिल्या; स्वतःची मोटार चालवीत, घरातील मोडतोड स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत, काटकसरीने आणि कोणावर भार न टाकता.

जगाला त्यांची आठवण उशिराने झाली. सबीना गाडीहोक यांनी त्यांच्या कार्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला. होमाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०१० साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले आणि २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्यांनी देह ठेवला. ज्या चित्रांखाली एकेकाळी दुसऱ्याचे नाव छापले जाई, ती चित्रे आज त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

काळाबरोबर बदलत राहणे योग्य की योग्य वेळी आवरते घेणे योग्य? या दोघींच्या उदाहरणावरून एकच नियम सांगता येणार नाही. मात्र दोघींच्याही निर्णयामागे भीती वा हव्यास नव्हता. दुर्गाबाईंना वाटले की या बदलातही आपले माप राखता येईल. म्हणून त्या राहिल्या. होमाईंना वाटले की ते यापुढे राखता येणार नाही. म्हणून त्या निघाल्या. मापाला धक्का कोणीच लागू दिला नाही.

घरातील बैठकीसाठी

आजच्या व्यापारी कुटुंबांत हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. एखाद्या घरी बारावी झालेली मुलगी नाट्यप्रशिक्षणाचे नाव काढते. एखाद्या घरी दुकान सांभाळेल असे गृहीत धरलेला मुलगा कॅमेरा घेऊन गावोगाव भटकण्याची इच्छा बोलून दाखवतो. आजोबा मौन धरतात, वडील हिशेब विचारतात, आई दोघांच्या मध्ये उभी राहते. काही घरांत एका वाक्यात नकार दिला जातो; काही घरांत लाडापोटी एका वाक्यात होकार दिला जातो. दोन्ही उत्तरे सारखीच अविचाराची आहेत. पहिल्याने एखादे आयुष्य कोमेजते. दुसऱ्याने ‘फरेबी जाल’सारखा प्रसंग ओढवतो.

दुर्गाबाई आणि होमाई यांच्या चरित्रांतून अशा बैठकीसाठी काही प्रश्न मिळतात. विद्या कोणाकडून घेणार, आणि ती पुरी करण्याइतका धीर आहे का? पहिले काम कोणाबरोबर करणार, आणि त्या माणसाची पारख कोणी केली आहे? पहिल्या वर्षी एकेका चित्रामागे एक रुपयाच मिळाला, तर घर किती काळ पाठीशी उभे राहील? कोणती कामे कितीही मोबदला मिळाला तरी करायची नाहीत, हे आधी ठरवले आहे का? आणि जे काम होईल, त्याखाली करणाऱ्याचे स्वतःचे नाव असेल ना?

शेवटचा प्रश्न घराने स्वतःलाही विचारावयाचा आहे. मुलीच्या यशाचे वर्तमान सांगताना ती अमुक घराण्याची कन्या, तमुक घराण्याची सून, एवढेच सांगून थांबण्याची सवय जुनी आहे. त्यात प्रेम असते, अभिमान असतो. पण १९३१ साली जाहिरात करणाऱ्यांनीही नेमके हेच केले होते. मुलीचे नाव आधी आणि घराण्याचे नंतर, असा क्रम ठेवला तर घराण्याची पत कमी होत नाही. लाड आणि खोटे ही घराणी आज बहुतांश लोकांना ठाऊक आहेत, ती दुर्गाबाईंमुळेच. माणेकशांचे नाव छायाचित्रणाच्या इतिहासात आदराने टिकून आहे, तेही होमाईंमुळे. ज्या घरांनी या स्त्रियांना आपले नाव दिले, त्या घरांकडे ते नाव व्याजासह परत आले आहे.